रागीट दिसतो, पण कुणाला?

मागच्या हिवाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी, शादीखान्यात करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम होता. शंभरेक मुलं-मुली, मागच्या खुर्च्यांवर त्यांचे अम्मी-अब्बा, चहा-बिस्किटं आणि मधूनच खरखरणारा माईक. माझ्या आधीचे वक्ते मुलाखतीची तयारी कशी करायची ते सांगत होते. बायोडेटा, कपडे, वेळ पाळणं, सगळं ठीक चाललं होतं. मग ते म्हणाले, ‘‘आणि एक लक्षात ठेवा. आपल्या पोरांचा चेहरा रागीट दिसतो. दाढी असेल तर जास्तच. समोरचा बिचकतो. म्हणून आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत चेहरा हसरा ठेवायचा.’’

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलींच्या बाजूने एक जण उठली आणि म्हणाली, ‘‘सर, रागीट दिसतो म्हणजे कुणाला?’’

वक्ते हसले. लोक हसले. व्यासपीठावर बसलेला मीही हसलो. प्रश्न तिथेच राहिला आणि कार्यक्रम पुढे सरकला.

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. उशिराचं मला जास्त वाईट वाटतं, कारण उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि काही वर्षांपूर्वी चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर मी स्वतः काम केलं आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी माझं म्हणणं मांडतो. चेहऱ्याचा अर्थ पाहणारा लावतो, आणि तो लावताना आजूबाजूच्या प्रसंगाचा आधार घेतो. प्रसंग माहीत नसेल, तर ती रिकामी जागा तो आपल्या मनातल्या समजुतींनी भरतो. ‘आपल्या पोरांचा चेहरा रागीट दिसतो’ हे वाक्य पोरांच्या चेहऱ्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. ते पाहणाऱ्याबद्दल बरंच सांगतं. तरीही आपण पोरांनाच चेहरा दुरुस्त करायला लावतो.

तोच चेहरा, तीन अर्थ

साधारण १९२० च्या आसपास लेव कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. इव्हान मोझुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचं एकच दृश्य त्याने तीन ठिकाणी जोडलं. एकदा सूपच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीतल्या मुलाशेजारी, एकदा एका सुंदर स्त्रीशेजारी. प्रेक्षकांना पहिल्या वेळी भूक दिसली, दुसऱ्या वेळी दुःख, तिसऱ्या वेळी आसक्ती. चेहरा तोच होता. मूळ फीत आज उपलब्ध नाही, पण नंतरच्या संशोधकांनी हीच कल्पना प्रयोगशाळेत तपासली तेव्हाही शेजारच्या दृश्याने चेहऱ्याचं वाचन बदलताना दिसलं.

कुणी म्हणेल, निर्विकार चेहऱ्याचं ठीक आहे, तीव्र भावना तर लपत नाही. २०१२ मध्ये हिलेल अविएझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. त्यांनी व्यावसायिक टेनिसपटूंचे फोटो घेतले, गुण जिंकल्याच्या किंवा हरल्याच्या अगदी त्या क्षणाचे. फक्त चेहरा दाखवला तेव्हा हा जिंकलाय की हरलाय हे लोकांना ओळखता येईना. चेहरा झाकून फक्त शरीर दाखवलं तेव्हा मात्र बरोबर ओळखता आलं. पूर्ण फोटो पाहणाऱ्यांनाही बरोबर ओळखता आलं, पण आपल्याला हे चेहऱ्यावरून कळलं असं त्यांना वाटत होतं. म्हणजे माहिती एकीकडून येते आणि श्रेय दुसरीकडे जातं. ‘मी चेहरा बघून माणूस ओळखतो’ असं छातीठोक सांगणाऱ्या प्रत्येक काकांना हा प्रयोग ऐकवावा असं मला वाटतं.

आणखी एक प्रयोग याच्याही पुढे जातो. २०१९ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या झिमिन चेन आणि डेव्हिड व्हिटनी यांनी सिनेमातल्या प्रसंगांमधून एक पात्र पूर्णपणे धूसर केलं. चेहरा गेला, शरीरही गेलं. उरली ती खोली, समोरची माणसं, घडणारी गोष्ट. प्रेक्षकांना त्या न दिसणाऱ्या पात्राच्या भावना क्षणाक्षणाला नोंदवायच्या होत्या. त्यांच्या नोंदी एकमेकांशी जुळल्या आणि पात्र दिसत असताना केलेल्या नोंदींच्याही बऱ्याच जवळ आल्या. चेहरा नसतानाही माणूस भावना वाचू शकतो, कारण तो प्रसंग वाचत असतो.

मग माझी अम्मी काय करते? मी घरात पाऊल टाकलं की ती ओळखते, आज ऑफिसात काही बिनसलंय. ती चेहराच बघते, हे खरं. पण त्या एका नजरेमागे चौतीस वर्षांची ओळख आहे. मी रोज किती वाजता येतो, चप्पल कशी काढतो, पाणी मागतो की थेट खोलीत जातो, हे सगळं तिला पाठ आहे. अनोळखी माणसाने तीस सेकंदांत तेच करून दाखवल्याचा दावा केला, तर त्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही.

सहा भावनांचा पाढा

चेहरा पाहिला की भावना कळते, या समजुतीला विज्ञानाचं वजन मिळालं ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या कामामुळे. १९६० च्या दशकाच्या शेवटी ते पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांकडे गेले. आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य या सहा भावनांचे चेहरे जगभर सारखेच ओळखले जातात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पण त्यांची पद्धत बघा. माणसाला एक छोटी गोष्ट सांगायची, उदाहरणार्थ याचं मूल वारलं, आणि मग तीन फोटोंपैकी एक निवडायला लावायचं. गोष्ट म्हणजे प्रसंगच की! तो काढून घेतला आणि पर्यायही दिले नाहीत, तर काय होतं?

पापुआ न्यू गिनीतल्याच ट्रोब्रिआंड बेटांवर कार्लोस क्रिवेल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं, ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. डोळे विस्फारलेला, तोंड उघडलेला जो चेहरा पाश्चात्त्य लोक ‘घाबरलेला’ म्हणून ओळखतात, तो तिथल्या तरुणांना धमकावणारा वाटला. एका समाजात ज्याची कीव येईल, त्याला दुसऱ्या समाजात लोक वचकून असतील.

२०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि आणखी चार नामवंत शास्त्रज्ञांनी हजाराहून अधिक शोधनिबंध तपासून मोठा आढावा लिहिला. या पाच जणांची सुरुवातीची मतं एकसारखी नव्हती, तरी निष्कर्षावर ते एकत्र आले. राग आलेला असताना माणसं कपाळाला आठ्या घालतात ती सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास वेळा. उरलेल्या वेळी ती गप्प बसतात, रडतात, कधी चक्क हसतात. उलट बाजूनेही तेच. आठ्या घातलेला माणूस विचारात असेल, त्याच्या डोळ्यांवर ऊन येत असेल, त्याचं पोट दुखत असेल. नुसत्या चेहऱ्यावरून भावना खात्रीने सांगता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

मी लिहिलेला कोड

आता माझी गोष्ट. त्या कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तेव्हा असं काम बरेच जण करत होते. नोकरीच्या व्हिडिओ मुलाखती घेणारं एक सॉफ्टवेअर होतं. ग्राहकाला हवं होतं की उमेदवार बोलत असताना सॉफ्टवेअरने त्याच्या चेहऱ्यावरून ‘सकारात्मकता’ मोजावी आणि एक आकडा द्यावा. मी तो भाग जोडला.

काम कसं चालतं ते सांगतो, कारण यात जादू नाही. व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेममधून चेहरा शोधायचा, त्याभोवती चौकोन आखायचा आणि बाकीचं सगळं कापून टाकायचं. खोली, हात, आवाज, विचारलेला प्रश्न, सगळं कचऱ्यात. उरलेला तुकडा मॉडेलला द्यायचा. म्हणजे वर सांगितलेल्या प्रयोगांमध्ये ज्या गोष्टींमुळे माणसाला भावना कळते, त्या पहिल्याच पायरीला फेकून द्यायच्या.

आणि मॉडेल शिकतं कशावरून? या क्षेत्रात शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात कधी ना कधी एफईआर २०१३ नावाचा डेटासेट येतो. त्यात ३५,८८७ चेहरे आहेत, प्रत्येक फक्त ४८ बाय ४८ पिक्सेलचा, कृष्णधवल. भावनांचे शब्द टाकून इंटरनेटवर शोधलेले फोटो, आणि त्यांना सात लेबलं. फोटोतल्या माणसाला तेव्हा खरंच काय वाटत होतं, हे त्याला कुणी विचारलेलं नाही. ‘राग’ हे लेबल म्हणजे कुणातरी तिसऱ्याने पाहून लावलेला अंदाज. हेच फोटो माणसांना ओळखायला दिले, तर त्यांची उत्तरं लेबलांशी जुळली साधारण ६५ टक्के वेळा. म्हणजे मॉडेल भावना शिकत नाही. लोक चेहऱ्यांना काय म्हणतात ते शिकतं, त्यांच्या चुकांसकट.

त्या चुका कुणाच्या वाट्याला येतात? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक लॉरेन ऱ्हू यांनी एनबीएच्या बास्केटबॉलपटूंचे अधिकृत फोटो दोन नामांकित कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला दिले. कृष्णवर्णीय खेळाडूंना गोऱ्या खेळाडूंपेक्षा जास्त नकारात्मक भावना चिकटवल्या गेल्या. एका सॉफ्टवेअरला तर हसू तेवढंच असलं तरी ते जास्त रागीट वाटले. शादीखान्यातले वक्ते म्हणाले होते, हसरा चेहरा ठेवा. त्या खेळाडूंनी ठेवला होता.

मला हे सगळं उशिरा कळलं, पण शंका आधीच आली होती. चाचणीच्या वेळी मी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसलो. अवघड प्रश्न आला की मी भुवया आवळतो, ही माझी लहानपणापासूनची सवय. विचार करत होतो तेवढा वेळ आकडा खाली जात राहिला. मी ते टीममध्ये सांगितलं. उत्तर आलं, ‘‘थोडा स्माइल कर ना.’’ मी स्माइल केलं, आकडा वर गेला आणि काम पुढे गेलं. तेव्हा मी अडून बसायला हवं होतं. त्या आकड्यामुळे किती मुलामुलींचे बायोडेटा बाजूला पडले, हे मला कधीच कळणार नाही. त्यांनाही कळणार नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त टोचतं. माणसाने चुकीचं ओळखलं तर निदान त्याच्याशी भांडता येतं.

माघार आणि घाई

जगाने यातून काही धडे घेतले आहेत. व्हिडिओ मुलाखतींच्या धंद्यातल्या हायरव्ह्यू या मोठ्या कंपनीने चेहऱ्याचं विश्लेषण बंद केल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपल्या चेहरा-सेवेतून भावना ओळखण्याची सोय काढून घेण्याचं ठरवलं. युरोपियन युनियनच्या एआय कायद्याने कामाच्या जागी आणि शाळा-कॉलेजात भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता ती फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. अमेरिकेत विमानतळांवर प्रवाशांच्या हावभावांवरून संशयित हेरण्याचा कार्यक्रम २००७ पासून राबवला गेला. २०१३ मध्ये सरकारच्याच लेखापरीक्षण संस्थेने सांगितलं की सुमारे ९० कोटी डॉलर खर्चूनही तो उपयोगी असल्याचा पुरावा नाही, आणि हावभावांवरून खोटं ओळखण्याची माणसाची क्षमता नाणेफेकीइतकी किंवा त्याहून जराशीच बरी आहे.

आपल्याकडे २०२१ च्या जानेवारीत लखनौ पोलिसांनी एक योजना जाहीर केली. रस्त्यावरच्या बाईच्या चेहऱ्यावर त्रास दिसला की कॅमेरा ते ओळखून पोलिसांना कळवेल. हेतू संरक्षणाचा असेल. पण रस्त्यावरून चालणाऱ्या बाईचा चेहरा उन्हाने, थकव्याने, फोनवर आईशी झालेल्या भांडणाने त्रासलेला असू शकतो. आणि सवयीने सोसणाऱ्या बाईचा चेहरा अगदी शांतही असू शकतो. युरोपसारखी स्पष्ट बंदी आपल्या कायद्यात नाही. जी वस्तू तिकडे विकता येत नाही, ती इकडे विकायला कुणी येऊ नये असं काहीच नाही.

संदर्भही निष्पाप नसतो

इथे कुणी म्हणेल, सोपं आहे, मग यंत्राला संदर्भही दाखवा. पूर्ण फोटो द्या, आवाज द्या, नाव द्या.

थांबा. आपला खरा प्रश्न इथेच आहे. आपली दाढी, टोपी, हिजाब, आडनाव, मोहल्ल्याचा पत्ता, हे सगळं पाहणाऱ्यासाठी संदर्भच असतं. नेदरलँड्समधल्या मारिस्का क्रेट आणि बेआट्रिस द गेल्डर यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना फक्त डोळे दिसतील असे फोटो दाखवले, कधी निकाबमध्ये, कधी टोपी आणि स्कार्फमध्ये. निकाबच्या चौकटीत त्याच डोळ्यांचं वाचन नकारात्मक भावनांकडे झुकलं. अमेरिकेत २००३ मध्ये ह्यूगनबर्ग आणि बोडेनहाउझेन यांनी दाखवलं की ज्या गोऱ्या लोकांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना कृष्णवर्णीय चेहऱ्यावर राग जास्त लवकर दिसतो आणि जास्त वेळ टिकलेला दिसतो.

म्हणजे संदर्भ दोन प्रकारचा असतो. एक प्रसंगाचा: या माणसाला आत्ता काय विचारलं, तो किती तास प्रवास करून आला, काल त्याच्या घरी काय घडलं. हा त्या माणसाकडूनच मिळतो, आणि त्यासाठी विचारावं लागतं. दुसरा पाहणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून असतो, त्याला विचारण्याची गरजच पडत नाही. पहिला जितका कमी मिळेल, तितकं दुसऱ्याचं फावतं. म्हणून घाईची मुलाखत, नाक्यावरची नाकाबंदी, शाळेच्या ऑफिसातली दोन मिनिटं, अशा ठिकाणीच आपले चेहरे ‘रागीट’ होतात. घरी तेच चेहरे कुणाला रागीट वाटत नाहीत.

आणि आपण?

बोट दुसऱ्याकडे दाखवून लेख संपवला तर तो अर्धाच राहील. आपणही हेच करतो. इद्दतीत बसलेली बाई नातवाच्या खोडीवर हसली, तर दुसऱ्या दिवशी गल्लीत चर्चा होते की हिला नवऱ्याचं दुःखच नाही. जनाज्यात एखादा मुलगा रडला नाही, तर तो दगड ठरतो. मुलगी बघायला पाहुणे येतात, ती मान खाली घालून बसते आणि आपण म्हणतो, लाजली, राजी आहे. ती लाज असेल. भीतीही असेल. नकारही असेल. खाली झुकलेली मान तिन्ही वेळा सारखीच दिसते. स्वतंत्रपणे, कुणी दबाव टाकणारं समोर नसताना तिला विचारण्याला पर्याय नाही. शिकलेल्या घरांतही हे विचारणं राहून जातं, आणि पुढे ‘खूश दिसत होती की’ हे वाक्य ऐकू येतं.

हजरत यूसुफ यांचा किस्सा आपण लहानपणापासून ऐकला आहे. भाऊ रात्री रडत रडत वडिलांकडे आले आणि लांडग्याने यूसुफला खाल्लं म्हणाले. सोबत रक्त लावलेला सदरा होता. हजरत याकूब यांनी त्यांच्या रडण्यावर विश्वास ठेवला नाही. सदरा फाटलेला नव्हता, असं मुफस्सिरांनी सांगितलं आहे. डोळ्यांत पाणी होतं, पण प्रसंग जुळत नव्हता. चेहऱ्यापेक्षा प्रसंग तपासायची ही शिकवण आपल्याच घरात आहे, आणि बदगुमानीपासून लांब राहायची ताकीदही आहे.

मग करायचं काय

वक्ते वाईट माणूस नव्हते. त्यांचा व्यवहारी मुद्दा मला समजतो: जग बदलेपर्यंत पोराने नोकरीविना बसायचं का? नाही. हसावंसं वाटलं तर हसा, नोकरीसाठी हसावं लागलं तरी हसा. पण दोष तुमच्या चेहऱ्यात आहे हे मनात घेऊ नका. ते एकदा मनात बसलं की माणूस मुलाखतीत उत्तरापेक्षा स्वतःच्या ओठांकडे जास्त लक्ष देतो, आणि मग उत्तरही चुकतं.

नोकरी शोधणाऱ्यांनो, व्हिडिओ मुलाखतीआधी ईमेलवर दोन प्रश्न विचारा: माझ्या चेहऱ्याचं किंवा आवाजाचं यंत्राकडून विश्लेषण होणार आहे का, आणि निकाल कुणी माणूस तपासणार आहे का? उत्तर आलं नाही तरी प्रश्नाची नोंद राहते.

आपल्यातले जे आता मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसतात, आणि असे आता बरेच आहेत, त्यांनी सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारावेत, प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण लिहावेत. ‘ॲटिट्यूड बरोबर वाटला नाही’ असा शेरा कुणी मारला, तर कोणत्या उत्तरावरून वाटला ते लिहायला लावावं.

माझ्यासारख्या इंजिनिअरांनो, असं काम टेबलावर आलं तर तीन गोष्टी विचारा. लेबलं कुणी लावली? त्या माणसांना स्वतःला विचारलं होतं का? चुकीचा आकडा आला तर उमेदवाराने दाद कुठे मागायची? समाधानकारक उत्तर नसेल तर लेखी नकार द्या. मी दिला नाही, म्हणून हे सांगतोय.

आणि कार्यक्रम घेणाऱ्यांनो, चेहरा हसरा ठेवण्याचा तास बंद करा. तो वेळ मुलांना सराव मुलाखतींसाठी द्या.

येत्या महिन्यात त्याच शादीखान्यात पुन्हा कार्यक्रम आहे आणि मला बोलावलं आहे. या वेळी मी त्या मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करणार आहे. ती आली असेल तर आधी तिला बोलू देणार आहे, कारण त्या दिवशी मी हसलो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. तिलाच विचारावं लागेल.